निळ्या कोयत्यांची टोळी

अश्विनातलं ऊन मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. पाऊस गेलाय हे त्याला कळलेलं असतं आणि थंडी यायची आहे हे कळलेलं नसतं, त्यामुळे मधले पंधरा-वीस दिवस ते मोकाट सुटतं. सोयाबीनच्या मळणीचा भुसा नाकात जातो, कपाशीच्या पहिल्या वेचणीला बाया निघतात, आणि गेवराईच्या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेली एखाददुसरी घाईची ट्रॉली दिसायला लागते. तिच्यात पत्रे, बांबू, पाणी भरायची टिपाडं, एखादी शेळी, आणि कडेला गोणपाटात गुंडाळलेले कोयते. दरवर्षी मी ठरवते की यंदा शहाण्यासारखं वागायचं. दरवर्षी पहिली ट्रॉली दिसली की माझ्या नाकात रंगाचा वास भरतो आणि घरातल्या कुणाशीही मी नीट बोलत नाही.

त्या रंगाला तसा वास नसतोच, असं माझा नवरा म्हणतो. तो बीडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण मी त्या वासात एक अख्खा अश्विन काढलाय. ओलं फडकं, त्यावर पसरलेला बटर पेपर, पेपरवर निळ्या रंगाचा एक थेंब, उघड्या खिडकीतून येणारं दुपारचं ऊन, आणि मान खाली घालून बसलेली माझी वहिनी. ह्या सगळ्याचा मिळून जो वास होतो तो रसायनशास्त्रात नसणार.

माझा भाऊ अविनाश, म्हणजे आमचा दादा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि रविवारी बाहुल्यांची लढाई खेळायचा. बाहुल्या हा आईचा शब्द. दादा त्यांना सैनिक म्हणायचा. मोठ्या टेबलावर थर्माकोलच्या टेकड्या मांडायच्या, दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढे सैनिक उभे करायचे, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं आणि कोण पुढे सरकला, कोण पडला ते ठरवायचं. तिशीतले बाप्ये हे करतात यावर आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. हे सैनिक डब्यात सुटे सुटे येतात. हात वेगळे, डोकी वेगळी, शस्त्रं वेगळी. ते जोडायचे आणि रंगवायचे. त्यातलं सगळ्यात मानाचं काम म्हणजे शस्त्र पेटवणं. पात्यातून उजेड बाहेर पडतोय असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आणि तेही नुसत्या रंगानं. दादाचा एक मित्र सैनिकाच्या पाठीत बारीक दिवा आणि बॅटरी बसवायचा. त्याच्याबद्दल दादा फार वाईट बोलायचा.

दादाच्या सैन्यात मात्र तलवारी नव्हत्या. डब्यातून आलेल्या तलवारी तो पहिल्याच दिवशी ब्लेडनं कापून टाकायचा आणि त्यांच्या जागी कोयते लावायचा. जुन्या सिमकार्डाच्या चौकटीचं प्लास्टिक तो जपून ठेवायचा. ते कातरायचं, पॉलिश पेपरनं पात्यासारखं पातळ घासायचं, टोकाला आपल्याकडच्या कोयत्याची ती जराशी आत वळलेली चोच काढायची, आणि शेवटी सुईनं पात्यावर दोन आडव्या रेघा ओढायच्या. आमच्याकडचा लोहार कोयता घडवला की अशाच दोन रेघांची खूण करायचा, ती त्यानं उचलली होती. सैनिकांमधल्या बायकांना तो भेगा बुजवायच्या लगद्यानं साडी नेसवायचा आणि साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट चढवायचा. आणि दोघांना, एक बाप्या आणि एक बाई, पायांखालच्या एकाच चकतीवर चिकटवायचा. पुण्यातले मित्र हसायचे. एका चकतीवर एक सैनिक असा त्या खेळाचा नियम होता म्हणे.

त्यांना कुठून कळावं? आई आणि आप्पांनी बारा हंगाम ऊस तोडलाय. मुकादमाकडे नाव लिहिताना नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आमचे आई-आप्पा बारा वर्षं असे एक कोयता होते. एकटा आलेला माणूस अर्धा कोयता. दादा लहानपणी त्यांच्याबरोबर फडात असायचा. मी धाकटी म्हणून आत्याकडे राहायचे. पहाटेच्या उजेडात आईचा कोयता वर गेला की तो निळा दिसायचा असं दादा सांगायचा. आई म्हणायची, थंडीनं पोराचे डोळे फिरले असतील. ते निळं पातं त्याला वीस जोड्यांच्या हातांत पेटवायचं होतं. दादाला नोकरी लागली त्या वर्षी आप्पांनी ऊसतोडीच्या टोळीत जाणं सोडलं. आमच्या आईनं घरातला कोयता दाराच्या वर खोचून ठेवला आणि पुन्हा हातात घेतला नाही.

करोनात घरून काम सुरू झालं तेव्हा दादा वहिनीला घेऊन गावी आला, चकलांब्याजवळच्या आमच्या घरी. लग्नाला वर्ष झालेलं. मी तेव्हा पदवी संपवून शिक्षक भरतीची वाट बघत घरातच होते. दादानं पुढच्या खोलीत खिडकीजवळ टेबल टाकलं आणि दुपारी जेवणानंतरचा तास आम्हा दोघींची शिकवणी घेतली. माझ्या पहिल्या कोयत्यावर मी दिसेल तेवढा निळा रंग थापला. त्यानं चष्मा वर करून बघितलं.

"शितल्या, कोयता कावून रंगवायलीस? उजेड कोयत्यात नसतो. तो धरणारीच्या गालावर असतो, मनगटावर असतो. तिथं रंगव. आन् त्याच्याआधी अंधार कर."

म्हणजे सगळी मूर्ती आधी काळपट करायची. मग पात्याच्या धारेला पांढरा रंग, त्यावर पाण्यासारखा पातळ निळा, आणि पात्याच्या जवळ जे जे असेल, गाल, बाही, पदराची घडी, त्याच्यावर त्याच निळ्याची नुसती झाक. थर पातळच हवा. जाड झाला की सुईच्या त्या दोन रेघा बुजतात, आणि रेघा बुजल्या की दादा अख्खी जोडी खरवडायला लावायचा. वहिनी हे ऐकून घ्यायची आणि आपल्या हाताशी जमेल तसं करायची. ती धर्मापुरीची. तिथल्या जुन्या देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या बायका आहेत, काहींच्या हातांत शस्त्रं. शाळेतून येताना रोज त्यांच्या तलवारींवरून बोट फिरवायचे, असं ती सांगायची. दादा तिला चिडवायचा की तू रंगवलेली बाई बघ, पाठीत दगड भरल्यासारखी ताठ उभी आहे.

दुसऱ्या लाटेत दादा गेला. दवाखान्यात नेला आणि आठ दिवसांनी आप्पा एकटे परत आले. ह्याच्यापेक्षा जास्त मला आजही लिहिता येत नाही.

वीसपैकी नऊ जोड्या त्यानं पेटवल्या होत्या. उरलेल्या अकरा काळ्याच होत्या. आईनं सगळं एका खोक्यात भरून कपाटावर ठेवलं. दीड वर्ष त्याला कुणी हात लावला नाही.

मी म्हणते तो अश्विन खरं म्हणजे भादव्यातच सुरू झाला. वहिनीचा भाऊ आला, बाहेर आप्पांजवळ बसला, बराच वेळ पावसापाण्याचं बोलला आणि मग म्हणाला की जालन्याचं एक स्थळ आहे. माणूस शाळेत कारकून, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, स्वभावानं गरीब. आप्पांनी मान हलवली. आई आत पोळ्या करत होती, तिनं हातातली पोळी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटलीच नाही. वहिनीला विचारलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्टूल घेऊन कपाटावरचं खोकं खाली काढलं, टेबल पुसलं, अकराच्या अकरा काळ्या जोड्या ओळीनं मांडल्या आणि भावाला फोन करून सांगितलं, "आधी ही टोळी उभी राहू दे. मग सांगते."

झालं. आमच्या घरात त्या अकरा जोड्यांना जेवढा भाव आला तेवढा कुठल्या पाहुण्याला आला नसेल. आप्पा येता-जाता विचारायचे किती झाल्या. वहिनीचा भाऊ दर चार दिवसांनी फोन करायचा. मी तिच्यासमोर बसून मूर्तीवरचा उडालेला काळा रंग नुसता पुन्हा लावून द्यायचे, ती पेटवायची. आणि ती शिकली हो. पहिल्या दोन जोड्यांचे चेहरे शाई सांडल्यासारखे झाले. तिसऱ्या जोडीत मात्र त्या बाईच्या गालावर, डोळ्याच्या खाली, निळ्याची एक बारीक झाक बसली. आप्पांच्या वाचायच्या भिंगातून बघितलं तर ती बाई खरंच पहाटेच्या फडात उभी होती. वहिनीनं ब्रश पाण्यात घातला आणि उठून आत गेली. परत आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं.

त्या दुपारी मला किती सुखाच्या होत्या हे सांगायला लाज वाटते. घरात दुःख होतं आणि मी सुखात होते. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून सरकत सरकत भिंतीला लागेपर्यंत आम्ही बसायचो. वहिनी दादाच्या गोष्टी सांगायची, त्या मला ठाऊक नसलेल्या असायच्या. मी लहानपणच्या सांगायचे, त्या तिला ठाऊक नसायच्या. दोघींनी मिळून तो माणूस थोडाथोडा पुरा करत आणला होता. ती गेली की अर्धा दादा पण जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी तिला एकदाही विचारलं नाही की तुमच्या मनात काय आहे. मला उत्तर नको होतं.

एक दिवस न राहवून मी आईला बोलले. चुलीजवळ बसली होती. म्हटलं, तू तिला सांग ना राहा म्हणून. तिला कुठं काय कमी आहे इथं. मी नोकरीला लागले की तिला बीडला घेऊन जाईन, आम्ही दोघी राहू. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आन् तुझं लगीन झाल्यावर? मी आन् तुझे आप्पा गेल्यावर?" ती म्हणाली. "माझं लेकरू गेलं तर दुसऱ्याच्या लेकराला जलमभर अर्धा कोयता म्हणून ठिवू का मी? मला लई वाटतंय ठिवावं. म्हणूनच ठिवायचं न्हाई."

मला आईचा राग आला. तो राग बरोबर होता असं मी पुष्कळ दिवस समजत होते.

पितृपक्षातली एक दुपार. दहा जोड्या पेटून झाल्या होत्या आणि अकराव्या जोडीतला बाप्यासुद्धा झाला होता. राहिली होती फक्त त्याच्याबरोबरची बाई. ती अजून चकतीवर चिकटवलेली नव्हती, नुसती काळी करून टेबलावर उभी होती. वहिनी पाणी आणायला आत गेली. मी ती बाई उचलली, ओढणीत धरली, मागच्या खोलीत गेले आणि गव्हाच्या कोठीत मनगटापर्यंत हात घालून खाली सोडून दिली. मोजून अर्धं मिनिट लागलं असेल. परत येऊन बसले तेव्हा माझ्या नखांत गव्हाचा कोंडा होता.

वहिनीनं टेबलाखाली शोधलं, खिडकीत शोधलं, अंगण झाडताना केर चाळून बघितला. मी पण शोधल्यासारखं केलं. मांजरीनं नेली असेल म्हणाले. त्या मांजरीवर एवढा खोटा आळ घेतल्याचं मला आजही वाईट वाटतं. वहिनी म्हणाली, सापडेल. भावाला तिनं कळवलं की एक राहिली आहे. आणि मी त्यानंतर टेबलाकडे फिरकलेच नाही. अभ्यास आहे असं सांगून मागच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे, कोठीकडे पाठ करून. पुढच्या खोलीत वहिनी रोज दुपारी टेबलाशी बसलेली असायची, ब्रश पाण्यात हलल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, पुसापुशी करत असेल. घट बसले, माळा चढल्या, घटाखालचं धान हिरवं होऊन वर आलं. आणि ती गेली नव्हती. मला तेवढं पुरत होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळा, खुरपं, कुऱ्हाड, कात्री, पोळपाट-लाटणं, आप्पांचे नटबोल्टचे पाने, दादाचा बंद पडलेला लॅपटॉपसुद्धा. आई सगळं धुऊन पाटावर मांडते आणि पाटावर आधी गहू पसरते. पाटावर गहू पसरतात, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मी बाहेर रांगोळी घालत होते, तेव्हा आईनं कोठीत हात घातला.

मी आत आले तर आई पाटासमोर बसलेली होती. हत्यारांच्या मधोमध, दाराच्या वरून काढलेल्या तिच्या जुन्या कोयत्याच्या शेजारी, ती अंगठ्याएवढी काळी बाई गव्हात उभी केलेली होती. दीड-दोन वर्षं आईनं त्या बाहुल्यांकडे धड बघितलं नव्हतं. आज तिनं ती हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली होती. साडीवरचा शर्ट बघितला होता, डोक्याला बांधलेलं फडकं बघितलं होतं, कोयता धरायची पकड बघितली होती.

"ही तर मीच हाय की गं," ती म्हणाली. "अव्यानं मला केलंय."

ती कोठीत कशी आली हे तिला विचारावंसं वाटलं नाही. तिच्या लेखी तो दादाचा निरोप होता आणि निरोप कुठूनही येतो. तिनं काडेपेटीतली काडी हळद-कुंकवात बुडवली आणि त्या नखाएवढ्या कोयत्याला लावली. मग त्या बाईच्या कपाळाला. कुंकू ओलं होतं, काळ्या पात्यावरून ओघळून मनगटावर आलं. वहिनी दारात उभी होती. तिनं पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मी जमिनीकडे. आईनं मग बोटच कुंकवात बुडवलं. ती तशीच उठली, वहिनीजवळ गेली आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. आमच्या गावात नवरा गेलेल्या बाईला कुणी कुंकू लावत नाही, घरातली माणसं तर नाहीच. बाहेरून आप्पा बघत होते. त्यांनी नुसती टोपी काढून पुन्हा घातली.

त्याच दुपारी वहिनी टेबलाशी बसली. कुंकवाचा ओघळ तिनं पुसला नाही. त्याच्याच आधारानं तिनं पातं तांबडं पेटवलं आणि त्या बाईच्या गालावर, मनगटावर, शर्टाच्या बाहीवर तांबडी झाक टाकली, भाकरी भाजताना आईच्या तोंडावर असते तशी. तीन तासांत झालं सगळं. बाई नवऱ्याशेजारी चिकटवली. वीस जोड्यांत एकोणचाळीस कोयते निळे आणि एक तांबडा. ब्रश धुऊन तिनं उलटा ठेवला आणि भावाला फोन लावला. तीन तास, हे माझ्या मनात कुसळासारखं राहिलं. जायची एवढी घाई होती तर, असं मी चार वर्षं धरून बसले.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी ती निघाली. आप्पांनी सोनं म्हणून आपट्याचं पान तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, जा पोरी, सुखानं जा. आईनं ओटी भरली. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी भरली आणि तीही म्हणाली, जा बाई. बाहेर भाऊ जीप घेऊन उभा होता. वहिनी माझ्यासमोर येऊन थांबली. काही विचारलं नाही, नुसती थांबली. मी तिच्या बॅगेची चेन लावत होते. चेन अगोदरच लागलेली होती. मी ती उघडली आणि पुन्हा लावली, पुन्हा उघडली आणि पुन्हा लावली. भावानं हॉर्न वाजवला. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, कारण मी तो काढला नाही.

पुढं माझी भरती झाली, लग्न झालं, मी बीडला आले. मीही कुणाची तरी वहिनी झाले. माझी नणंद मला नावानं हाक मारते आणि माझ्या साड्या न विचारता नेसते. जालन्याला वहिनीचं बरं चाललंय. तिला एक मुलगी आहे. दरवर्षी खंडेनवमीला तिचा फोन येतो. ती आईशी बोलते, आप्पांशी बोलते, मग माझ्याशी. टोळी कशी आहे विचारते. मी म्हणते, बरी आहे. पाऊस कसा झाला ती विचारते. मी ते सांगते. मग दोघींच्या मधे काहीतरी येऊन बसतं, आणि ठेवू का म्हणून आम्ही ठेवतो. ठेवला की दिवसभर मला करमत नाही. कुणासाठी ते धड सांगता येत नाही. दादासाठी, असं म्हणावं तर दादा गेल्याच्या दिवशीसुद्धा मला असं होत नाही. मला ती खिडकी हवी असते, ते सरकणारं ऊन हवं असतं, आणि समोरच्या स्टुलावर ती.

यंदा नवमीच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. आईला आता गुडघ्यांमुळे स्टुलावर चढवत नाही, म्हणून खोकं मीच खाली काढलं आणि एकेक जोडी मऊ ब्रशनं झटकायला लागले. मी हल्ली चष्मा लावते, त्यामुळे पूर्वीपेक्षा नीट दिसतं. दादाच्या कोयत्यांवर सुईच्या दोन रेघा लख्ख होत्या. वहिनीच्या तिसऱ्या जोडीवर, त्या पहाटेच्या बाईच्या कोयत्यावर, रेघा दिसेनात. चौथ्या, पाचव्या, सहाव्या जोडीवरही नाहीत. बोट लावलं तर पाती जाड. तिसऱ्या जोडीचा रंग उन्हाळ्यात फुगला असावा. ब्रश लागला आणि त्याचा एक टवका उडून टेबलावर पडला. मी आप्पांचं भिंग आणलं आणि टवक्याची कड बघितली.

निळा, त्याखाली पांढरा, त्याखाली पुन्हा निळा, पुन्हा पांढरा. मी पिनेच्या टोकानं मोजत गेले. तो कोयता सात वेळा पेटवलेला होता. झालेल्या जोडीवर पांढरा रंग देऊन विझवायची आणि पुन्हा पेटवायची, दुसऱ्या दुपारी पुन्हा विझवायची. मी कोठीकडे पाठ करून पुस्तक उघडून बसले होते तेव्हा पलीकडच्या खोलीत हे चाललेलं होतं. हरवलेली मूर्ती सापडावी असं जिला वाटतं ती असं करत नाही. वहिनीला ठाऊक होतं ती मूर्ती कुठं आहे. कदाचित त्याच दुपारी माझी नखं बघितली असतील. आणि तरी ती पंधरा-सोळा दिवस रोज येऊन बसली, कारण तिलाही उठवत नव्हतं. ती तिसरी जोडी तिची सगळ्यात चांगली होती. रेघा बुजवून तिनं ती स्वतःच्या हातानं बिघडवली होती.

मी चार वर्षं जिच्यावर रुसले तिला सगळ्यांनी जा म्हटलं होतं. राहा म्हणायची हिंमत मला झाली नाही आणि जा म्हणायचा मोठेपणाही. ती दाराशी थांबली होती ती माझ्या शब्दासाठी, हे चेनशी खेळताना मला कळत नव्हतं असं नाही.

ह्या खेपेला मीच फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केला. कोण, ताई? आज कशा काय, नवमी उद्या आहे ना, म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, तिसऱ्या जोडीचा रंग निघालाय.

तिनं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मोजले काय?"

"सात," मी म्हटलं.

"आठ हायेत. एक लई पातळ दिलता."

मला हसू आलं आणि हसताना रडू आलं, आणि तिला ते ऐकू गेलं असणार, कारण ती पलीकडून एकदम मऊ बोलायला लागली. म्हणाली, मला तुमचा राग कधीच आला न्हाई, ताई. रोज ब्रश धुताना वाटायचं, आज तुमी याल आन् सांगाल. तुमी राहा म्हणाल्या असत्या तर मी राहिले असते. म्हणून मलाबी भ्या वाटायचं. मग कधीतरी वाटायला लागलं, राहा नको, पण जा तरी म्हणा. बाकीच्यांनी म्हटलं, तुमी न्हाई म्हटलं. आजूनबी घरातून बाहेर पडले असं वाटत न्हाई मला. हिकडं समदं चांगलं हाय, माणूस लई चांगला हाय, पण माझा एक पाय तिथं उंबऱ्यातच हाय.

खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं होतं. मी डोळे पुसले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला, कारण हे नीट म्हणायचं होतं.

"वहिनी, जा," मी म्हटलं. "सुखानं जा."

पलीकडे कुकरचा बारीक आवाज येत राहिला.

"येते, ताई," ती म्हणाली. आणि मग आम्हा दोघींपैकी कुणीच फोन ठेवेना.